डाव्या वळणाचं फूल

रॉकेलच्या रांगेत वच्छलाच्या पुढं एक अनोळखी पोरगी उभी होती. तिच्या वेणीत जांभळ्या साटीनच्या रिबिनीचं एक फूल खोचलेलं होतं. वच्छलाची नजर त्यावर गेली ती निव्वळ सवयीनं. बावीस वर्षं तिचे दिवस रिबिनी, लेस, गोट्याच्या किनारी आणि पितळी टिकल्या यांच्यातच गेले होते. नागपूरच्या इंदोऱ्यातल्या तिच्या दोन खोल्यांत केसांचे पट्टे, वेणीची फुलं, कमरेचे बेल्ट, लग्नाकार्यात मिरवायचे बटवे तयार होत आणि इतवारीत ताराचंदच्या दुकानी जात. रस्त्यानं चालताना माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत. कोणाच्या बेल्टावरची टिकली मागचे पाय सैल होऊन हलते आहे, कोणाच्या रिबिनीचं टोक दिव्यावर नीट शेकलं नाही म्हणून सुतं सुटली आहेत, हे राहत असे. तसंच तिनं हे फूल पाहिलं. काम बरं होतं. पाकळ्या घट्ट होत्या, टाका कुठं दिसत नव्हता. मग रांग एक पाऊल सरकली, पोरीनं मान जराशी फिरवली आणि फूल उन्हात आलं. वच्छलाच्या हातातला रिकामा डबा खाली पडला आणि गडगडत पार नालीपर्यंत गेला.

पाकळ्या डावीकडे वळल्या होत्या.

"काय झालं जी?" पोरीनं वळून विचारलं. रांगेतल्या कोणीतरी डबा उचलून आणून दिला. वच्छलानं तो घेतला, पण कोणी दिला ते पाहिलं नाही.

"हे फूल कुठून घेतलं वं तू?"

"गावाहून." पोरीचा हात आपसूक वेणीकडे गेला. ती शेजारच्या गल्लीतल्या रुखमाबाईची भाची, सुहासिनी नावाची. मावशीकडे चार दिवस राहायला आली होती. "आमच्या पारशिवनीले बांगड्याच्या दुकानात भेटते. तिथलीच कोणी एक बाई बनवून देते म्हणते. मस्त हाय ना?"

वच्छला हो म्हणाली. रांग सोडून ती घरी आली, रॉकेल न घेताच, आणि कामाच्या लाकडी पाटीवर अर्धवट पडलेल्या मालासमोर बसली. तिनं मुद्दाम एक रिबीन घेतली. टोक तिरपं मुडपलं, उजव्या हातात धरून गुंडाळलं, दर वेढ्याला कड बाहेरच्या अंगाला पाडत गेली. गुलाब तयार झाला. पाकळ्या उजवीकडे. कशाही केल्या तरी उजवीकडेच. ताराचंदच्या दुकानात चार घरचा माल येत असे, सगळ्यांची फुलं अशीच. उलट्या वळणाची फुलं सबंध नागपुरात एकच हात करत होता, आणि तो हात अकरा वर्षांपूर्वी ह्याच दारातून बाहेर पडला होता.

गोपिका, तिची बहीण, तिच्याहून सात वर्षांनी लहान. आई बँडवाल्यांच्या कोटांना जरीची फीत लावायचं काम करायची; ती गेली तेव्हा गोपिका आठ वर्षांची होती आणि तिला स्वतःची वेणीही घालता येत नव्हती. वच्छलानं आईची सुई उचलली तशी ही पोरगीही उचलली. पुढच्याच वर्षी, छप्पन साली, वडील देवाजी दोघींना घेऊन दीक्षेला गेले. वच्छलाला त्या दिवसाचं आठवतं ते पांढऱ्या कपड्यांचं अफाट मैदान, आणि आपल्या मुठीतला गोपिकाचा घामेजलेला हात. डावा हात. ती सगळं डाव्या हातानं करायची. जेवायची डाव्या हातानं, सुई धरायची डाव्या हातानं. आत्या, म्हणजे देवाजीची थोरली बहीण बायजाबाई, तिच्या हातावर चापट मारायची. देवाजी मिलच्या सूतखात्यातून थकून आलेला असायचा, पण तेवढ्यासाठी मात्र बोलायचा. "राहू दे वं बाई. डाव्या हातानं खाल्लं तं का पोट भरत नाही?" मग आत्या हसायची आणि त्याच हातावर गुळाचा खडा ठेवायची. पोरीवर तिचा जीव होता. खरं तर सगळ्यांचाच होता, आणि वच्छलाला कधी कधी वाटायचं की आपल्यावर कोणाचा जीव असायला आता जागाच उरली नाही. पण हे वाटणं येई तसं ती दोन्ही हातांनी खाली दाबून टाकी, जशी टिकली दाबतात. पितळी टिकलीला मागं चार पाय असतात. जाड रिबिनीत ती वरून रुतवायची आणि आतून पाय मुडपून टाकायचे, म्हणजे वर नुसतं चकाकतं पितळ दिसतं आणि टोचणारं सगळं आत राहतं.

हातात कसब होतं ते गोपिकाच्या. वच्छलाचं काम नेटकं, वेगाचं, चुकी न होणारं. ताराचंद ते न पाहताच गठ्ठ्यात टाकायचा. गोपिकाचं काम मात्र तो उजेडात धरायचा. "ये छोटीवाली ने बनाया ना?" म्हणायचा. एकदा तिनं काळ्या मखमलीच्या पट्टीवर टिकल्या अशा बसवल्या की पट्टी केसांत घातली की त्या कुठंही ओळीत दिसू नयेत, विखुरल्यासारख्या दिसाव्यात. पंधरा दिवसांत तशा पट्ट्या बर्डीवरच्या कॉलेजच्या पोरींच्या डोक्यावर दिसायला लागल्या. देवाजीनं त्याच सुमारास ठरवलं की ह्या पोरीनं शिकलं पाहिजे, रीतसर, कागदानिशी. कोणाकडून तरी त्यानं पुण्याच्या एका प्रशिक्षण केंद्राचा अर्ज आणवला आणि मिलमधल्या कारकुनाकडून भरून घेतला. सोबत गोपिकानं केलेला एक बटवा नमुना म्हणून पाठवला. ते सदुसष्ट सालचे उन्हाळ्याचे दिवस होते.

मे महिन्यातल्या एका दुपारी पोस्टमन आला तेव्हा घरी वच्छला एकटीच होती. गोपिका आत्याकडे कुरड्या घालायला गेली होती. पाकीट उघडं नव्हतं, पण वच्छलानं उघडलं. निवड झाली होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राहण्याची सोय, दरमहा विद्यावेतन, पंधरा जूनपर्यंत हजर व्हायचं. तिनं ते तीनदा वाचलं आणि तिला आनंद झाला. पुढं आयुष्यभर तिनं स्वतःला कितीदा तरी बजावलं की तो आनंद खरा होता. मग तिनं खोलीकडे पाहिलं. दोन पाट्या समोरासमोर मांडलेल्या होत्या, मधे दिवा, दोरे, कात्री. सत्तावीस वर्षांची ती. आलेली दोन स्थळं बहिणीचं कोण बघेल म्हणून तिनं परतवली होती. आता बहीण जाणार. दुसरी पाटी भिंतीला उभी करून ठेवावी लागणार. तिनं टिकल्यांच्या पत्र्याच्या डब्यात तळाशी अंथरलेला कागद उचलला, पत्र त्याखाली सरकवलं आणि मनाशी म्हणाली, उद्या देईन. आज थकून येईल, उद्या देईन. दुसऱ्या दिवशी तिनं म्हटलं, रविवारी बाबा घरी असताना देईन. रविवारी ताराचंदचा मोठा माल द्यायचा होता. असे दिवस एकेक करून गेले आणि एका सकाळी पंधरा जून होता, आणि मग सोळा. त्यानंतर ते पत्र देण्यासारखं राहिलंच नाही. लबाडी करायची असं तिनं कधी ठरवलं नव्हतं. तिनं फक्त उशीर केला होता.

गोपिका रोज पोस्टमनची वाट पाहायची. जुलै उजाडला तेव्हा तिनं वाट पाहणं सोडलं. एक दिवस रिबीन कापता कापता म्हणाली, "बाई, त्यांनी अर्ज वाचला बी नसन. वरचं नाव पाहून फेकून देल्ला असन." कात्री चालूच होती. वच्छलाला तेव्हा बोलता आलं असतं. ती म्हणाली, "असंच असते." जेवणाच्या ताटावर देवाजीनं ते ऐकलं. तो माणूस अकरा वर्षं मुलींना सांगत आला होता की आता आपल्याला कोणी नाव पाहून परतवू शकत नाही, पुढच्यानं परतवलं तर पुन्हा दार वाजवायचं. त्या दिवशी त्याचं जेवण थांबलं. भाकरीचा तुकडा हातात धरून नुसता बसला. वच्छला चुलीकडे तोंड करून होती. तिच्या पाठीला ते सगळं कळत होतं.

आणि मग ऑगस्टमधली ती सकाळ. साटीनची टोकं सुटू नयेत म्हणून ती ज्योतीवर हलकेच शेकावी लागतात. गोपिका ते काम करत होती. टिकल्या संपत आल्या होत्या म्हणून तिनं डबा उपडा केला असावा, तळचा कागद निघाला असावा. वच्छला मोरीपाशी होती. जळका वास आला म्हणून ती धावत आली, देवाजीही आला. पोचवायला तयार ठेवलेले पट्टे एका बाजूनं पेटले होते. देवाजीनं गोणपाट टाकून ते विझवले आणि जन्मात पहिल्यांदा त्या पोरीवर ओरडला. "लक्ष कुठी असते तुहं? घरात राहाचं असन तं नीट राह्य, नाही तं जाय!" गोपिका बापाकडे पाहत नव्हती. ती वच्छलाकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखादा न जुळणारा हिशेब अचानक जुळावा तसा तो चेहरा होता, आणि वच्छलाला पत्र कुठं दिसलं नाही, पण कळलं. गोपिकानं पायात चपला घातल्या. "मी येतो, बाई," म्हणाली, रोज म्हणायची तशीच. ती गेल्यावर वच्छलानं डबा पाहिला. तळचा कागद उलटलेला होता आणि त्याखाली काही नव्हतं.

तिला शोधायला सगळे फिरले. देवाजीनं पोलिसात वर्दी दिली. "कुठी जाऊ शकते? कोणी ओळखीचं हाय?" असं त्यांनी विचारलं तेव्हा वच्छला बापाच्या शेजारी उभी होती. पुणे हा शब्द तिच्या जिभेवर होता. तो उच्चारला असता तर पुढचा प्रश्न आला असता, का म्हणून पुणे? तिनं मान हलवली. तीन महिन्यांनी तिनं गुपचूप त्या केंद्राला पत्र टाकलं. उत्तर आलं की अशा नावाची कोणीही व्यक्ती येथे आलेली नाही. त्या पहिल्या चार दिवसांत कोणी पुण्याच्या गाडीवर, स्टेशनवर, धर्मशाळांत चौकशी केली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मात्र तिथून पुढं तिच्याबरोबर उठायला आणि बसायला लागला. देवाजीला तो प्रश्न नव्हता. त्याच्यापाशी उत्तर होतं. "माह्या तोंडातून 'जाय' निंघालं," तो म्हणायचा. भेटेल त्याला म्हणायचा. दर रविवारी बसस्टँडवर जाऊन बसायचा. आत्यानं तर वस्तीसमोर सांगितलं, माह्या भावानं जवान पोरीले घराबाहेर काढलं. त्या दिवसापासून तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं आणि ह्या घराची पायरी चढली नाही. दोन वर्षांनी वच्छलाचं लग्न झालं. नवरा देवराव रेल्वेत कामाला, बिजवर, शांत माणूस. म्हातारा एकटा पडेल म्हणून इथंच राहायला आला. एकाहत्तर साली देवाजी गेला. आत्या मातीला आली नाही. बापाला नेत होते तेव्हा वच्छलानं दोन गल्ल्या पलीकडचं आत्याचं बंद दार पाहिलं होतं.

हे सगळं तिला रॉकेलच्या रांगेनंतरच्या तीन दिवसांत नव्यानं आठवलं असं नाही. ते कधी विसरलंच नव्हतं. नवीन होतं ते एवढंच, की गोपिका जिवंत असेल तर? इतकी वर्षं तिनं बहिणीला मेलेली धरलं नव्हतं, जिवंतही धरलं नव्हतं. पारशिवनी. म्हणजे दोन-अडीच तासांची वाट. कोणी शेतकरी नवरा असेल, पोरं असतील. आपण दारात उभ्या राहिलो तर ती काय म्हणेल? वच्छला बेल्टावर टिकल्या बसवत होती आणि दोनदा तिनं टिकली उलटी धरून पाय स्वतःच्या बोटात रुतवले. देवरावनं विचारलं, "तब्येत बरी नाही का?" ती म्हणाली, "पारशिवनीले एक दुकान हाय. माल दाखवून येतो म्हणते." देवराव बरं म्हणाला. तो कधी फार विचारत नसे, आणि त्याच्या न विचारण्याचा आपण नऊ वर्षं फायदा घेतला, असं त्या सकाळी बसमध्ये बसताना तिला पहिल्यांदा वाटलं.

बांगड्याच्या दुकानदारानं घर दाखवलं. गावाच्या कडेला, गोठ्याला लागून. बसमध्ये तिनं पहिलं वाक्य किती प्रकारे जुळवलं होतं, पण अंगणात पाऊल टाकताच त्यातलं एकही राहिलं नाही. ओसरीवर एक बाई पाठमोरी बसून रिबीन गुंडाळत होती. डाव्या हातानं. खांदे अरुंद, मान खाली. "गोपी," वच्छला म्हणाली. तो आवाज तिचा तिलाच लहान मुलीसारखा वाटला.

बाईनं वळून पाहिलं. पंचवीसेक वर्षांची, सावळी, गोल चेहऱ्याची. कोणीतरी वेगळीच. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला होता, मनगटापासून बारीक, वाळल्या शेंगेसारखा.

"कोण पाह्यजे जी?"

वच्छला खाली बसली, बस म्हणण्याआधीच. आतून त्या बाईची आई आली, घामाघूम, हातात विळा. नागपूरहून आली, फुलं पाहायला आली, असं वच्छलानं सांगितलं. आईनं नाव, गाव, वस्ती विचारली. वस्ती ऐकल्यावर ती क्षणभर थांबली आणि मग चहा ठेवायला गेली. चहा आला तो कानतुटक्या कपात. बाकीचे कप फळीवर तसेच पालथे होते. मुलीनं ते पाहिलं आणि मान खाली घातली. वच्छलानं तो चहा प्यायला. दुसरा एखादा दिवस असता तर ती उठून गेली असती, देवाजीची लेक होती ती. पण आज तिला वाटलं की ह्या घरानं आपल्याला नेमकं कशासाठी कमी लेखावं हे ह्यांना ठाऊक नाही.

मुलीचं नाव मनकर्णा. लहानपणी ताप आला, हात गेला. लग्न झालं नाही. कोणीतरी नागपूरहून एक रिबिनीचं फूल आणलं होतं, ते तिनं एकेक वेढा उसवून पाहिलं आणि पुन्हा गुंडाळत बसली. महिनाभर जमलं नाही, मग जमलं. "एकाच हातानं करते मी. टोक दातात धरते," ती म्हणाली आणि करून दाखवलं. रिबीन दातात, ओठ ताणलेले, डावा हात फिरत चाललेला. पाकळ्या डावीकडे पडत गेल्या. पडणारच होत्या. डाव्या हाताच्या कोणाच्याही पडल्या असत्या. ही एवढी साधी गोष्ट तीन दिवसांत आपल्या मनात का आली नाही? जगात डाव्या हाताची माणसं काय एकच असतात?

"तुमच्या इकडं बी कोणी डाव्या हाताची, डेबरी हाय का?" मनकर्णानं विचारलं. "तुम्ही मले पाहून गोपी म्हटलं."

"बहीण होती माही."

"मंग आता कुठी हाय?"

अकरा वर्षं हा प्रश्न लोकांनी विचारला होता आणि वच्छलानं एकच उत्तर दिलं होतं: बाबा रागावले, गेली. ओठ त्या उत्तरासाठी उघडलेही. "तिचं पत्र आलं होतं," ती म्हणाली. "मी लपवून ठेवलं. तिले सापडलं. ती निंघून गेली." तीन वाक्यांत संपलं. गोठ्यात बैलानं शेपटी आपटली. मनकर्णाचा हात थांबला होता.

"घरी मालूम हाय?"

"नाही. बाप मेला. त्याले वाटे, त्याच्यानंच गेली."

 मनकर्णानं हातातली रिबीन पाटीवर ठेवली आणि ती वच्छलाकडे पाहत राहिली, जरा भिऊन, एखाद्या आजारी माणसाकडे पाहावं तशी. मग म्हणाली, "अरेरे. बुढ्याले सांगाले पाह्यजे होतं." एवढंच. त्यात दोष दिल्याचा सूरही नव्हता. पाऊस यायला हवा होता, म्हणावं तसं ती म्हणाली.

परतीच्या बसमध्ये वच्छला रडली नाही. खिडकीशी बसून ती आपल्या हातांकडे पाहत होती. बोटांच्या टोकांना वर्षानुवर्षांचे घट्टे पडले होते. सुई टोचून टोचून तिथं आता काही कळत नसे. गोपिका सापडायची नव्हती, हे आज नक्की झालं असंही नाही. फक्त तिची वाट पाहण्याचा जो एक आडोसा होता तो गेला. बहीण सापडली की तिच्या पायावर डोकं ठेवीन, मग सगळ्यांना सांगीन, असं ती आत कुठंतरी म्हणत आली होती. उद्या देईन म्हणत होती, तसंच. इंदोऱ्याला उतरून ती घराच्या गल्लीत वळली नाही. दोन गल्ल्या पुढं गेली.

आत्या दारातच सुपात तूरडाळ निवडत बसली होती. तिचे डोळे अधू झाले होते, खडा दिसण्याआधी बोटांना कळायचा. वच्छलाशी ती कधीच वाकडी वागली नव्हती. उलट तिला वच्छलाची कणव होती. तुह्या बापानं तुले एकटी पाडलं, असं म्हणून सणावारी वाटीभर काहीतरी पाठवायची, आणि वच्छला ती वाटी घ्यायची, धुऊन परत करायची. अकरा वर्षं.

"ये वं. आज इकडं कशी?"

"आत्या, गोपी बाबामुळं नाही गेली."

"झालं ते झालं. मेलेल्या बापाची बाजू नोको घेऊ माह्यापाशी."

"तिले पुण्याहून बोलावणं आलं होतं. शिकाले. पत्र मी लपवलं. त्या दिवशी तिले ते सापडलं. बाबा ओरडाच्या आधीच सापडलं होतं. ती माह्यामुळं गेली."

आत्याची बोटं डाळीत फिरत राहिली. एक खडा तिनं काढला, बाजूला टाकला. दुसरा काढला. मग सूप हळूच जमिनीवर ठेवलं.

"देवाजीले मालूम होतं?"

"नाही."

"मरेपर्यंत?"

"मी नाही सांगितलं."

रस्त्यावरून एक हातगाडीवाला ओरडत गेला.  "देवाजी आला होता इथं," आत्या म्हणाली. "मराच्या चार-पाच महिने आधी. ह्याच दारात उभा होता, काठी टेकून. म्हणे, बाई, एकडाव माह्यासंगं बोल. मी आतून कडी लावली. मले आवाज येऊन राहिला होता त्याचा. लय वेळ उभा होता." तिनं पदरानं तोंड पुसलं, पण डोळे कोरडेच होते. "तुले मालूम होतं, तो इथं आला होता?"

"नाही, आत्या."

"नाही. तो काहून सांगन?"

वच्छलानं तिच्या पायांना हात लावला. आत्यानं पाय मागं घेतले. "मले मार, आत्या. काही तरी बोल."

"तुले मारून काय होते? माही कडी उघडते का?" आत्या भिंतीला धरून उठली. उठायला तिला वेळ लागला. वच्छलानं पुढं केलेला हात तिनं पाहिला आणि धरला नाही. "त्याचा फोटो हाय तुह्या घरी?"

"हाय."

"चाल."

त्या दोन गल्ल्या ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला. आत्या पुढं, वच्छला दोन पावलं मागं. नळावरच्या बाया पाहत राहिल्या. बायजाबाई भावाच्या घरी निघाली आहे, हे वस्तीला दिसत होतं. दाराशी आल्यावर आत्या थांबली, धापा टाकत. वच्छलानं कुलूप काढलं. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, त्यांच्या खाली देवाजीचा फोटो. मिलच्या ओळखपत्रासाठी काढलेला, मोठा करून घेतलेला, त्यामुळं चेहरा थोडा पुसट झालेला. आत्यानं दोन्ही तसबिरींना हात जोडले. मग फोटोच्या अगदी जवळ गेली, इतकी की तिचा श्वास काचेवर बसला.

"तू बाहेर बस," ती न वळता म्हणाली. "दार लोटून घे."

वच्छला पायरीवर बसली. आधी आत काहीच ऐकू आलं नाही. मग आवाज आला, हलका, तक्रार केल्यासारखा, लहान भावाला दटावल्यासारखा. शब्द कळत नव्हते. मधेच तो थांबायचा, जसा माणूस समोरच्याचं ऐकून घेण्यासाठी थांबतो, आणि पुन्हा सुरू व्हायचा. वच्छलाला वाटलं की आपण इथं बसून हे ऐकू नये, पण जायला दुसरं घर नव्हतं. ऊन समोरच्या कौलांवरून उतरलं. कामावरून सुटलेली माणसं गल्लीत येऊ लागली, त्यात देवराव होता. सायकल भिंतीला टेकवून त्यानं लोटलेल्या दाराकडे पाहिलं.

"कोण आलं हाय वं?"

"आत्या."

"आत्या? आपल्या घरी?" त्याला ते खरं वाटेना. आतला आवाज ऐकत तो उभा राहिला. "कोणासंगं बोलून राहिली?"

"बाबासंगं."

देवरावनं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नेहमीप्रमाणे तो काही विचारणार नव्हता. हातातला डबा घेऊन तो तसाच मोरीकडे वळला असता, पाय धुतले असते, आणि संध्याकाळ झाली असती.

"थांबा," वच्छला म्हणाली. ती पायरीवर जराशी सरकली आणि तिनं शेजारची जागा पदरानं झटकली. "इथं बसा. आत्याले सांगितलं, तुम्हाले बी सांगाचं हाय."

तो बसला. डबा त्यानं दोन्ही हातांत मांडीवर धरला होता. आत आत्याचा आवाज फुटला आणि ती मोठ्यानं रडू लागली, अकरा वर्षांचं, सात वर्षांचं, सगळंच. देवराव दचकून उठायला लागला. वच्छलानं त्याच्या दंडाला धरून त्याला खाली बसवलं आणि ती बोलू लागली.